चटई उचलायची कुणी?

मला सामोआच्या एका कुटुंबप्रमुखाची भूमिका मिळाली ती माझ्या अभिनयामुळे नव्हे, माझ्या मांडीमुळे.

नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही मेडनहेडला राहत होतो. मी रोज सकाळी ट्रेनने रीडिंगला जायचो, तिथल्या एका ऑफिसातल्या कम्प्युटरांची दुखणीखुपणी बघायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पुण्यात कॉलेजात असताना मी एकांकिका स्पर्धा गाजवल्या होत्या, असं मी सांगतो. बायको सांगते, पाडल्या होत्या. मला ॲडिशन घ्यायची खोड होती. लेखकाचं वाक्य संपलं की त्याच्या शेपटाला माझं एक बांधायचं, लोक हसले की आणखी एक. एका अंतिम फेरीत मी मढ्याचं काम करत होतो, आणि तरीही ॲडिशन घेतली. करंडक गेला. तो दिग्दर्शक अजून माझ्याशी बोलत नाही.

तर एक दिवस रीडिंगच्या लायब्ररीत हाताने लिहिलेला कागद दिसला: ‘नाटकासाठी माणसं हवीत. अनुभव नसला तरी चालेल. पायमोजे स्वच्छ हवेत.’

असली जाहिरात वाचून जो जाणार नाही तो मी नव्हे.

एका चर्चच्या मागे हॉल होता. एरवी तिथे बॅडमिंटन चालायचं, त्यामुळे रबरी बुटांचा वास भिंतींत मुरलेला. बूट दाराशी काढून आत गेलो तर दहा-बारा इंग्रज मंडळी उभी, आणि मधोमध एक रुंद खांद्यांची, सावळी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. कानामागे प्लॅस्टिकचं जास्वंद. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे. तिने सगळ्यांना जमिनीवर बसायला सांगितलं आणि प्रत्येकाच्या हातात कागदी बशीतून उकडलेला कंद आणि कोंबडी दिली. ‘खा,’ म्हणाली. बस्स. ना संवाद, ना उतारा.

पाच मिनिटांत सगळ्यांचे हाल सुरू झाले. एका गृहस्थांचे गुडघे कानांपर्यंत आले, एक बाई एका कुशीवर कलंडल्या, एकाने भिंत गाठली. मी मांडी घालून बसलो होतो. बशी संपवली, बोटं चाटली आणि आणखी मिळेल का, असं विचारलं. ती माझ्याकडे बघतच होती.

‘तू,’ ती म्हणाली, ‘तू माझा बाप.’

आजवर बायकांनी मला बरंच काही म्हटलं आहे, पण पहिल्याच भेटीत बाप कुणी केलं नव्हतं.

ती नाटककार होती. आईवडील पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरचे, जन्म न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचा, आणि मुक्काम गेली दहा-अकरा वर्षं इंग्लंडात. तिच्या नव्या नाटकातला म्हातारा पूर्ण वेळ जमिनीवर बसलेला असतो, म्हणून तिला मांडी हवी होती. ‘खरा सामोअन माणूस का घेत नाहीस?’ मी विचारलं. ‘इथे बर्कशायरमध्ये?’ ती म्हणाली. ‘जे दोन आहेत ते रग्बी खेळतात. तालमीला बोलावलं की त्यांचा गुडघा दुखतो.’

तिची कामाची पद्धत मी पुण्यात कधी पाहिली नव्हती, नंतरही कुठे पाहिली नाही. तालमीत ती आमच्याकडे पाठ करून बसायची. भिंतीकडे तोंड, हातात पेन्सिल. आम्ही वाक्यं म्हणायची, हिने भिंत बघायची. खोटं वाक्य आलं की पाठ ताठ व्हायची. ‘नट डोळ्यांना फसवतो,’ ती म्हणायची, ‘पाठीला फसवून दाखव.’ मी पहिल्याच दिवशी एक ॲडिशन सोडून बघितली. सगळे हसले. पाठ दगडासारखी झाली.

‘ते कुणी लिहिलंय?’ भिंतीला विचारलं गेलं.

‘मी,’ मी म्हणालो.

‘मग त्याचं नाटक वेगळं लिही. त्यात मी येईन काम करायला.’

तिची कहाणी मला चहाच्या सुट्ट्यांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी कळली. तिचे वडील तरुणपणी बेटावरून ऑकलंडला आले, चर्चमध्ये मान मिळवला, पुढे गावाने त्यांना कुळाचा प्रमुख केलं. सामोअन चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी मुलांचा दिवस असतो. पोरं पांढरे कपडे घालून बायबलमधले प्रवेश करतात आणि त्या दिवशी मोठ्यांच्या आधी जेवतात. नऊ वर्षांची असताना हिने स्वतः प्रवेश लिहिला. नोहाची बायको नावेतल्या शेणाबद्दल नवऱ्याला फैलावर घेते, असा. सगळं चर्च हसलं, आणि सर्वांत मोठ्याने हसले पहिल्या रांगेतले तिचे वडील. ‘तिथेच मी बिघडले,’ ती म्हणायची.

मग विशीत तिने पहिलं मोठं नाटक लिहिलं. वडील गावाकडे पत्रं लिहायचे की मी ऑफिसात काम करतो. ते खरंच होतं. ते ऑफिस झाडायचे, पुसायचे. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना तिथे घेऊन जायचे, आणि साहेबाच्या खुर्चीत बसून काढलेला त्यांचा फोटो गावातल्या घरात अजून भिंतीवर होता. हिने ती खुर्ची आणि फरशी पुसायचा मॉप दोन्ही रंगमंचावर आणले. प्रयोगाला चर्चची आख्खी बस आली होती. लोक हसून लोळले. त्यातले निम्मे स्वतःच ऑफिसं पुसणारे होते. वडील मध्येच उठले. सामोअन लोकांत, बसलेल्या माणसांच्या समोरून जाताना कमरेत वाकायचं आणि ‘तुलोऊ’ म्हणायचं, म्हणजे माफ करा, अशी रीत आहे. एवढे संतापलेले वडील त्या रांगेतल्या प्रत्येकापुढे वाकून ‘तुलोऊ, तुलोऊ’ करत बाहेर गेले.

त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. अकरा वर्षं.

ती दोन वर्षांच्या व्हिसावर इंग्लंडला आली आणि राहिली. आधी एका पबात भांडी घासली. मग नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या वॉर्डात कारकुनी केली; तिथे पेशंटच्या जेवणाच्या चिठ्ठ्या उरायच्या, त्यांच्या पाठीवर तिने इंग्लंडातलं पहिलं नाटक लिहिलं. एका लहानशा थिएटरने ते केलं, मग रेडिओने दोन घेतली, मग रीडिंगला संध्याकाळचे लेखनवर्ग मिळाले. फार मोठं नाव झालं नव्हतं, पण नाटकावर पोट भरत होतं, आणि याचा तिला कोण अभिमान! दर रविवारी ती फोनचं प्रीपेड कार्ड खरवडून ऑकलंडला फोन करायची. फोन आत्या उचलायची. मागे वडील खोकायचे. खोकल्यावरून ती त्यांची तब्येत ओळखायची. ‘आज छातीत कफ आहे,’ सोमवारी ती आम्हाला सांगायची, जणू तासभर गप्पा झाल्यात.

तिला मी एकदा मेडनहेडला घरी जेवायला आणलं. बायकोने अळूचं फदफदं केलं होतं, भरपूर खोबरं घालून. पहिला घास घेतला आणि तिने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, घशाला खाजलं. ती म्हणाली, त्यांच्याकडेही याच पानांत नारळाचं दूध घालून शिजवतात, आणि असं काही इंग्लंडात मिळेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. मग तिने चार वेळा घेतलं. बायको मला म्हणाली, ‘बघा, तुमच्यापेक्षा जास्त खाणारं माणूस जगात आहे.’ आणि तिला म्हणाली, ‘तू दर महिन्याला येत जा गं.’ ती येऊ लागली.

नव्या नाटकाचा शेवट हाच आमच्या भांडणाचा विषय होता. सामोअन लोकांत मोठा अपराध झाला की अपराधी माणूस पहाटे समोरच्याच्या दारापुढे जाऊन बसतो, डोक्यावरून चटई पांघरून. कधी त्याच्या वतीने त्याचे लोक बसतात. बोलायचं काही नाही. याला इफोंगा म्हणतात. दुखावलेल्या माणसाने बाहेर येऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर ऊन चढेपर्यंत बसा. आणि चटई म्हणजे आपली सतरंजी नव्हे. केवड्याच्या जातीच्या पानांची, महिनोन्महिने विणलेली, रेशमासारखी मऊ. पैठणी जपावी तशी पेटीत जपतात.

नाटकात मुलगी बापासमोर अशी चटईखाली बसते. बाप, म्हणजे मी, सबंध नाटकात पहिल्यांदाच मांडी मोडून उभा राहतो. आणि अंधार.

‘अगं, उचलू दे की त्याला!’ मी म्हणायचो. ‘लोक दीड तास बसलेत.’

‘नाही.’

‘नुसता एक हात पुढे?’

‘तू उभा राहशील. बोटसुद्धा हलवणार नाहीस.’ मग म्हणाली, ‘ते उचलतात की नाही मला माहीत नाही. मग मी कसं लिहू?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘म्हणजे तूच त्या चटईखाली बसली आहेस?’

‘फक्त तिकीट लावलंय,’ ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

प्रयोगाच्या आधी तीन आठवडे आत्याचा निरोप आला. तिचा भाऊ, म्हणजे हिचे वडील, इंग्लंडला येत होते. त्यांचा एक भाचा इथे रग्बी खेळायचा, त्याचं लग्न होतं. हिने भाच्याच्या पत्त्यावर शनिवारच्या प्रयोगाचं एक तिकीट पाठवलं, पहिल्या रांगेतलं. सोबत चिठ्ठी नाही. उत्तर आलं नाही. ते इंग्लंडात उतरल्याचं कळलं, फोन मात्र नाही. त्या आठवड्यात ती भिंतीकडे बघायची तेव्हा तिची पाठ सगळ्याच वाक्यांना ताठ असायची, खऱ्याही.

शनिवार उजाडला. संध्याकाळी हॉल बॅडमिंटनवाल्यांचा, म्हणून आमचा प्रयोग दुपारी अडीचला. दिवे सांभाळायला मी माझा ऑफिसातला मित्र आणला होता, मूळचा नागपूरचा, डोक्याने थंड, जिभेने तिखट. चटईखाली बसणारी मुलगी म्हणजे एक गोरी, लाल केसांची नर्स. वॉर्डातून ड्यूटी संपवून यायची आणि चटईखाली कधीकधी तिला डुलकी लागायची. माझी बायको दारावर तिकिटं बघत होती.

आता, मी पुण्याच्या रंगमंचावर वाढलेला माणूस. नारळ फोडल्याशिवाय मी विंगेत पाऊल टाकत नाही. हॉलमध्ये फोडायला परवानगी नव्हती, म्हणून कार पार्कातल्या दगडी कठड्यावर फोडला. मित्र म्हणाला, ‘काय बे, पार्किंगची पूजा करून राहिला का?’ आणि नारळ फोडला की दुसरी गोष्ट, तिथे जी वडीलधारी मंडळी असतील त्यांच्या पाया पडायचं. त्या हॉलमध्ये चहा देणाऱ्या एक ऐंशीच्या आजी होत्या. मी वाकलो तर त्या किंचाळल्या, ‘काय पडलं माझं?’ आणि जमिनीवर शोधू लागल्या. मी त्यांना सांगितलं, आशीर्वाद घेतोय. त्यांनी मला आशीर्वाद म्हणून एक बिस्किट दिलं.

बिस्किट खात वळलो तर दाराशी एक उंच म्हातारे गृहस्थ उभे. वर काळा कोट आणि टाय, खाली पोटऱ्यांपर्यंत लुंगीसारखं काळं वस्त्र, पायांत सँडल. आपले आजोबा धोतरावर कोट घालायचे, अगदी तोच रुबाब. कुणी ओळख करून द्यायची गरजच नव्हती. गेले तीन महिने मी त्यांचंच काम करत होतो.

तिने मला बजावलं होतं की ते आलेच तर त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. मी बोललो नाहीच. पण माझं शरीर माझं ऐकेल तर ना! मेकअप चढवलेला, तिसऱ्या घंटेला दहा मिनिटं उरलेली, समोर सत्तरीच्या पुढचा माणूस. मी वाकलो आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पायांना हात लावला. चांगला गुडघे टेकून, डोकं खाली.

वरून मग जाड आवाजात इंग्रजीत प्रश्न आला, ‘तुला तिने पाठवलं?’

मला वाटलं, विचारतायत की या नाटकात तुला तिने घेतलं का. मी मान वर न करता म्हणालो, ‘हो. तिनेच.’

ते माझ्या डोक्यावरून पुढे निघून गेले. म्हणजे अगदी डोक्यावरून नव्हे, बाजूने, पण मला वाटलं तसं. पहिल्या रांगेतल्या लोकांसमोरून कमरेत वाकून, ‘तुलोऊ, तुलोऊ’ करत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मी पडद्यामागे आलो आणि मला इफोंगाची आठवण झाली. कधी कधी अपराध्याच्या वतीने त्याचे लोक येतात, असं तिनेच सांगितलं होतं. येतात, डोकं खाली घालतात, काही बोलत नाहीत. मी नेमकं काय करून बसलो होतो? अकरा वर्षांनी मुलीने माफी मागायला एक जाडा पुणेकर पाठवला होता, तोंडात बिस्किट धरून!

तिला सांगायला गेलो. ती पडद्याआड स्टुलावर बसली होती, रंगमंचाकडे पाठ करून, तोंड आग विझवायच्या लाल सिलिंडरकडे. ‘आलेत?’ तिने विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. बाकीचं सांगणार, तोच घंटा झाली.

प्रयोग कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी दीड तास डोळ्याच्या कोपऱ्यातून एकच खुर्ची बघत होतो. लोक हसत होते, ते हसत नव्हते. पण उठतही नव्हते. एकदा मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘माझ्या घरात आवाज फक्त देवाचा आणि माझा,’ आणि त्यांनी घसा खाकरला. पडद्याआड स्टूल करकरलं. तो खोकला तिला पाठ होता.

शेवट आला. नर्सबाई डोक्यावरून चटई ओढून माझ्यापुढे बसली. मी मांडी मोडली, उभा राहिलो. हात बाजूला. बोट हलवायचं नाही. मित्रांनो, आयुष्यात त्या एका क्षणाइतकी ॲडिशन मला कधी सुचली नव्हती. दोन्ही हात आतून नुसते शिवशिवत होते. पण मी वचन दिलं होतं. मी उभा राहिलो. अंधार व्हायची वाट बघत राहिलो.

अंधार होईना.

कारण पहिल्या रांगेतून म्हातारबाबा उठले होते. रंगमंच म्हणजे तरी काय, त्याच जमिनीवर टेपने आखलेला चौकोन. ते टेप ओलांडून आले, प्रेक्षकांसमोर कमरेत वाकून, ‘तुलोऊ’ म्हणत. आणि नंतर मित्राने सांगितलं, ‘मला वाटलं, बाईने नवीन एंट्री टाकली. माणूस एवढा ठसकेबाज चालून आला, त्याच्यावर अंधार कसा करू बे?’

ते माझ्यासमोर येऊन थांबले. दोन बाप, एक खरा आणि एक मेकअपचा. माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मी विसरणार नाही. शाळेतला मास्तर गणित न येणाऱ्या मुलाकडे बघतो तसं.

‘किती वेळ बसवणार आहेस तिला?’ ते म्हणाले.

आणि वाकून चटई उचलली.

खालून लाल केस निघाले. नर्सबाई डोळे चोळत वर बघू लागली. तिला खरंच डुलकी लागली होती. म्हातारबाबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सगळ्या हॉलकडे.

‘ही नाही,’ ते म्हणाले. ‘माझी कुठे आहे?’

हॉल हसला. असं हसू मला कुठल्याही ॲडिशनने मिळालेलं नाही. पण पडद्याआड स्टूल उलटं पडल्याचा आवाज झाला आणि हसू मध्येच थांबलं. तिने आतून काहीच बघितलेलं नव्हतं, नुसतं पाठीने ऐकलं होतं. ती बाहेर आली. कानामागचं जास्वंद कुठेतरी गळून पडलेलं. लोकांच्या समोरून येताना तीही कमरेत वाकली, ‘तुलोऊ, तुलोऊ’ करत. ती त्यांच्या पायांशी बसली. त्यांच्या हातात चटई तशीच होती. तिला झाकायला ती आता उपयोगाची नव्हती, म्हणून त्यांनी ती तिच्या खांद्यांवर टाकली, थंडीत शाल टाकतात तशी, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. लांबलचक नव्हतं. चार-पाच शब्द असतील.

मग अंधार झाला. नागपूरकराला अक्कल आहे.

प्रयोगानंतर चहा होता. पाऊण तास ती दोघं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून बिस्किटं खात होती.  मग म्हातारबाबा उठले आणि थेट माझ्याकडे आले. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, तोवर त्यांनी माझा दंड धरून मला हॉलच्या मागच्या खोलीत नेलं. तिथे बादली आणि मॉप होता.

‘धर,’ ते म्हणाले. मी धरला.

‘तिच्या त्या नाटकातल्या माणसाने असाच धरला होता. बाबागाडी ढकलल्यासारखा.’ त्यांनी मॉप माझ्या हातातून काढून घेतला. ‘असं. मागे सरकत जायचं. इंग्रजी आठचा आकडा काढायचा. पुसलेल्या जागेवर पाय द्यायचा नाही.’ आणि काळा कोट, टाय आणि त्या वस्त्रासकट ते खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. नाचल्यासारखे. जमीन आरशासारखी झाली. ‘अठ्ठावीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘सगळे हसले त्याचं मला काही नाही. नोहाच्या बायकोलाही मी हसलो होतो. पण तिला माहीत होतं मी कसं पुसायचो. तिने बघितलं होतं. आणि तरी त्या गाढवाला शिकवलं नाही.’

दारात ती उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती मॉपकडे बघत होती.

घरी जाताना गाडीत मी बायकोला सगळं सांगितलं: पाया पडलो, त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. ‘तिने पाठवलंच नव्हतं. ते गैरसमजाने उठले,’ मी म्हणालो. ‘मी तिला सांगायला नको का?’

‘आत्ता नको,’ बायको म्हणाली. ‘अहो, एवढं छान झालंय, त्यात तुमची ॲडिशन कशाला?’

मी पाच महिने गप्प राहिलो. माझ्यासाठी हा विक्रम आहे. मग एका रविवारी ती मेडनहेडला आली होती, पातेल्यात फदफदं होतं, तिची दुसरी वाढणी चालू होती, आणि मला राहवलं नाही. मी सगळं कबूल केलं. तिने चमचा खाली ठेवला आणि एवढी हसली की बायको आतून बघायला आली.

‘ते त्यांना ठाऊक होतं,’ ती म्हणाली.

‘काय ठाऊक होतं?’

‘तू त्यांच्या आधी चहाच्या आजींच्या पाया पडलास ना? ते दारातून बघत होते. लग्नाच्या जेवणात मला म्हणाले, तो तुझा जाडा मित्र चहावालीपुढेही वाकतो, त्याला कोण पाठवणार? मी म्हटलं, मग तुम्ही उठलात कशाला?’ तिने चमचा पुन्हा उचलला. ‘तर म्हणाले, अकरा वर्षं झाली, कुणी येईचना. शेवटी जो आला त्याला धरलं.’

त्या नाटकाचं पुढे चांगलं झालं. नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या थिएटरने ते घेतलं, खरा सामोअन नट आणला, आणि मला डच्चू मिळाला, तो योग्यच होता. तिने शेवट बदलला नाही. तिथेही बाप नुसता उभा राहतो आणि अंधार होतो. फक्त मध्ये एक नवीन प्रवेश आला, बोलणं अजिबात नसलेला, ज्यात म्हातारा मागे सरकत, आठचे आकडे काढत, सगळा रंगमंच पुसतो. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघं गेलो होतो. चटईचा प्रवेश आला तशी माझी बोटं हलू लागली, आणि बायकोने अंधार होईपर्यंत माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

नाटकानंतर ती आम्हाला बाहेर भेटली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ऑकलंडला फोन करून प्रयोग कसा झाला ते सांगायचं होतं, त्याची ती तयारी करत होती. आता फोन वडील उचलतात. मागे आत्या खोकते.